माझं शेवटचं मोठ्यानं बोललेलं

आमच्या घरात हळू बोलायची कुणालाच सवय नव्हती. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव माळावरचं, घरं वस्त्यांवर, एकमेकांपासून लांब लांब. आई विहिरीवरून हाक मारायची ती पलीकडच्या बांधाला ऐकू जायला हवी, नाहीतर जेवणं खोळंबायची. ती नावाचं शेवटचं अक्षर लांबवायची, वारा असेल त्या बाजूला तोंड करून. मीही तशीच हाका मारत वाढले. शाळेत बाई म्हणायच्या, तू कुजबुजलीस तरी शेजारच्या वर्गाला कळतं.

पुढे पोलीस झाले तेव्हा हा आवाज कामाला आला. हातात काठी असायची, पण ती कुणाच्या अंगाला लागल्याचं मला आठवत नाही. यात्रेतली रेटारेटी असो, नाहीतर बाजारच्या दिवशी चौकात आडवा लावलेला टेम्पो असो, मी लांबून एकदा ओरडले की काम व्हायचं. ठाण्यातली पोरं हसायची. म्हणायची, ताईंना वायरलेस कशाला, खिडकी उघडून बोलल्या तरी नगरला ऐकू जाईल. आमचं ठाणं शहराच्या बाहेर, पाथर्डीच्या रस्त्याला. घर नागापूरला. नवरा तिथल्याच एका कारखान्यात लेथवर काम करतो. एक मुलगी, तेव्हा कॉलेजात जाणारी.

आईला पुढे पुढे कमी ऐकू यायला लागलं. ती गावाकडे माझ्या भावाजवळ राहायची. फोनवर तिला कुणाचंच बोलणं कळायचं नाही, सुनेचं नाही की नातवंडांचं नाही, फक्त माझं कळायचं. दिवेलागणीला मी फोन करायचे. ती पलीकडून म्हणायची, "तुझं बरं बाई, सरळ कानात शिरतं." मग गावातली बारीकसारीक खबर, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, हे सगळं सांगून झालं की ठरलेला प्रश्न, "जेवलीस का?" मी ड्यूटीवर असले आणि सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नसलं, तरी जेवले म्हणून सांगायचे.

ते घडलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. उसाच्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या. त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांना अडवून लुटायचे प्रकार होत होते, म्हणून जागोजाग नाकाबंदी लावली होती. दुपार कलली होती. बॅरिकेडच्या एका बाजूला माझा जोडीदार, माझ्याहून बराच लहान शिपाई, एका ट्रकची कागदपत्रं बघत होता. मी दुसऱ्या बाजूला होते. रस्त्याचं काम चालू असल्यानं कडेला खडीचे ढीग होते. पाथर्डीकडून एक मोटारसायकल आली, नंबरप्लेट नसलेली, दोघे बसलेले. आम्हाला बघून त्यांनी गाडी एकदम कडेला घेतली आणि वळवायला लागले. मी हात वर करून पुढे झाले.

चालवणाऱ्यानं तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं. मागच्याचं तोंड उघडं होतं. बावीस-तेवीसचा असेल, मिशी अजून नीट न फुटलेली. तो माझ्याकडे बघत होता. इथपर्यंत मला लख्ख आठवतं. पुढचं पुसून गेलं आहे. त्यानंतरचं आठवतं ते आभाळ, आणि कांद्याचा वास. जोडीदारानं मला मागून आलेल्या कांद्याच्या पिकअपमध्ये गोण्यांवर घातलं होतं. माझ्या मानेवर त्याचा रुमाल होता, त्यावर त्याचा तळहात, आणि तो सारखा म्हणत होता, "ताई, डोळे मिटू नका. माझ्याकडं बघा. बघा माझ्याकडं." पिकअपवाल्यानं हॉर्नवरचा हात नगर येईपर्यंत काढला नाही.

गोळी मानेतून आरपार गेली होती. गावठी कट्ट्याची गोळी. मोठ्या रक्तवाहिन्या वाचल्या, हे डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला दोन-तीनदा सांगितलं. पुष्कळ दिवस गळ्यात नळी होती, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. मी खाणाखुणा करायचे आणि वाट बघायचे. नळी काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू बोलून बघा. समोर मुलगी उभी होती. मी तिला हाक मारली. तोंडातून नुसता वारा बाहेर आला. मी पुन्हा मारली. पुन्हा वाराच. मुलगी म्हणाली, "असू दे आई, येईल हळूहळू." डॉक्टर हातातली फाईल चाळायला लागले, त्यावरून मी काय ते समजले. नंतर त्यांनी समजावून सांगितलं की आवाजाच्या पडद्यांना हलवणाऱ्या नसा गेल्या आहेत. कुजबुजण्याइतकं येईल. त्यापुढे सांगता येत नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, जीव वाचला हेच खूप. मीही मान हलवायचे. ते खरंच होतं. पण वाचलेला जीव घेऊन घरी गेल्यावर त्या घरात माझी जागा मला सापडेना. आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी सुरू झाली की मी मुकी. नळाचं पाणी सुरू असलं की मुकी. नवरा दिवसभर मशीनच्या खडखडाटात उभा राहून येणारा, त्याचे कान आधीच अर्धे गेलेले. मी काही बोलायला लागले की तो आधी उठून पंखा बंद करायचा. पुढे मुलगीही तसंच करायला लागली. वैशाखात सगळे घामाघूम होऊन माझ्याजवळ तोंड आणून बसायचे, आणि मी काय सांगत असायचे तर डाळीत मीठ बघा. मग मी साधंसुधं सांगणंच सोडून दिलं.

मुलीनं माझा जुना आवाज शोधायचा चंग बांधला. सगळ्यांचे मोबाईल धुंडाळले. लग्नाबारशांच्या व्हिडिओत एकतर मी नव्हतेच, ड्यूटीवर असायचे, नाहीतर डीजेच्या दणक्यात कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. नवऱ्याचा फोन कायम भरलेला, तो सगळं पुसत राहायचा. शेवटी एका जागी मी सापडले. मी त्याला पाठवलेला निरोप होता, "येताना कोथिंबीर आणा, आणि दूध. दूध विसरू नका." मुलीनं तो मला ऐकवला. मला ओळखू येईना. घाईघाईत, मान तिरकी करून बोललेलं असणार. हा माझा आवाज नव्हे, असं मी तिला सांगितलं. ती रडायला लागली, म्हणून मग होय म्हटलं.

आईला सगळं ठाऊक होतं. दवाखान्यात ती भावाबरोबर आली होती, माझ्या उशाशी बसून मानेच्या पट्टीवरून हात फिरवून गेली होती. पण मी घरी आल्यावर पहिल्यांदा फोन लावला तेव्हा तिला वाटलं, लाईन खराब आहे. "हॅलो. हॅलो. कोन हाय?" मी बोलत होते. ती भावाला म्हणाली, "नुसतं वारं येतंय रं ह्यातून." भावानं तिच्या कानाशी ओरडून सांगितलं की ताईच आहे. मग म्हणाली, "बरं, तू नगं बोलू. मी बोलते. तू नखानं वाजीव फोनवर. व्हय म्हनायचं आसलं की वाजीव."

तेव्हापासून तसंच चाललं. ती गावाची खबर सांगायची, मी मोबाईलच्या कडेवर नखानं टकटक करायचे. टकटक तिला ऐकू यायची, माझं बोलणं नाही. शेवटी विचारायची, "जेवलीस का?" मी वाजवायचे. "मंग ठीवते," म्हणायची, पण लगेच ठेवायची नाही. आम्ही दोघी तशाच फोन धरून बसायचो. तिला वाटत असावं, एखाद्या दिवशी या वाऱ्यातून काहीतरी येईल.

ठाण्यात मला मुद्देमालाच्या खोलीत बसवलं. जप्त केलेल्या वस्तू सांभाळायच्या, कोर्टात हजर करायला काढून द्यायच्या. कुणाशी बोलायची गरज नाही, म्हणून साहेबांनी चांगल्या मनानं दिलेलं काम. बाहेर रस्त्यावर गाड्या अडकल्या की नवी पोरं शिट्ट्या फुंकत बसायची. मला आतून ऐकू यायचं आणि माझे पाय उठायचे. दारापर्यंत जाऊन परत यायचे.

गोळी झाडणारा थोड्याच दिवसांत पकडला गेला होता; गाडी चालवणारा मात्र सापडलाच नाही. त्याचा राग मला सतत यायचा असं नव्हतं. आठवडा आठवडा तो आठवायचाही नाही. मग एखाद्या दुपारी पाण्याची टाकी भरून वाहायला लागायची, मोटार बंद कर म्हणून खाली मुलीला सांगायचं असायचं, मी गच्चीवर उभी, आणि खाली काही पोचायचं नाही. तेव्हा त्याचं ते न फुटलेल्या मिशीचं तोंड समोर यायचं, आणि माझ्या हाताच्या मुठी वळायच्या.

खटला उभा राहिला. माझ्या साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. मी पिंजऱ्यात उभी राहून बोलायला लागले आणि न्यायाधीशांनी पुढे वाकून कानाला हात लावला. त्यांनी पंखे बंद करायला सांगितले. तरी पुरेना. तेव्हा पट्टेवाल्याला माझ्याजवळ उभं केलं. मी एकेक वाक्य कुजबुजायचे, तो ते मोठ्यानं म्हणायचा. "मी नाकाबंदीवर हजर होते." एका धिप्पाड माणसाच्या आवाजात माझी कहाणी बाहेर पडत होती. मध्येच आरोपीचा वकील उठला आणि म्हणाला, साक्षीदार स्वतः काय बोलते ते माझ्या अशिलाला ऐकू येत नाही, तो त्याचा हक्क आहे. न्यायाधीश म्हणाले, "आरोपीला जवळ आणा."

दोन पोलिसांनी त्याला आणून माझ्यासमोर उभं केलं. हाताच्या अंतरावर. तो वाळला होता. मी त्याच्याकडे बघून बोलत राहिले आणि तो खाली बघून ऐकत राहिला. शेवटी वकिलानं मला विचारलं, "गोळी सुटण्याआधी तुम्ही माझ्या अशिलाला काय म्हणालात? शिवी दिलीत? धमकी दिलीत?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे दिलीही असेल?"

"आठवत नाही."

तेव्हा त्या पोरानं पहिल्यांदा मान वर केली. त्याचे ओठ उघडले. वकिलानं त्याच्याकडे पाहिलं आणि ते मिटले. एवढंच झालं. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं, कारण तो हाताच्या अंतरावर होता.

बाहेर व्हरांड्यात नवरा पाणी आणायला गेला तेव्हा एक बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेली, तळहाताला उसाच्या पाचटानं चिरा पडलेल्या. "मी त्याची आई," ती म्हणाली. मला वाटलं, आता पाया पडेल, रडेल, पोराला सोडवा म्हणेल. तिनं तसं काही केलं नाही. माझ्या मानेकडे बघून विचारलं, "दुखतंय का वो ताई अजून?"

मी नवरा गेला त्या बाजूला बघायला लागले. ती तरी उभीच राहिली.

"आमी कारखान्यावर जायाचो ऊस तोडाया. सहा सहा महिनं. ह्याला चुलत्याकडं ठिवायचो, साळा बुडंल म्हनून. परत आलो की हे दारात उभं, पन बोलायचं न्हाई. आतापन भेटाया गेले की खाली बघून बसतंय. सबूद न्हाई काढत." मग ती म्हणाली, "तुमच्यासंगट बोललं का काय आत?"

मी मान हलवून नाही म्हटलं. नवरा पाणी घेऊन आला आणि आम्ही निघालो.

त्याला मोठी शिक्षा झाली. ठाण्यात पेढे आले. जोडीदारानं पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला, तो खाल्ला, गोड लागला. घरी येऊन मी नेहमीसारखी भाकरी थापायला बसले. शिक्षा लागली की काहीतरी सुटेल असं मी मनाशी धरून बसले होते. तव्यावर भाकरी फुगली, उतरवली, दुसरी टाकली. काहीही सुटलं नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आई गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. आमच्याकडे लेक माहेरच्या दारात आली की मोठ्यानं रडते. ते रडणं वस्तीवस्तीला ऐकू जातं, आणि लोकांना कळतं, लेक आली, आता उचलायला हरकत नाही. मी दारात आले. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं. छाती फुटेल इतका जोर लावला. घशातून फस्स असा आवाज आला, सायकलच्या ट्यूबमधली हवा जावी तसा. एका म्हातारीनं मला कवेत घेतलं आणि माझ्या वाटणीचं तीच रडली.

दहावं-तेरावं झालं, घरी परतलो. दिवेलागणीला हात फोनकडे जायचा. मी फोन उचलून नखानं एकदा वाजवायचे आणि ठेवून द्यायचे. याच दिवसांत माझ्या डोक्यात ते घुसलं. माझा आवाज शेवटचा कुणी ऐकला? आईनं नाही. नवऱ्यानं नाही, मुलीनं नाही. जोडीदाराला मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, ट्रकचं इंजिन चालू होतं. तुम्ही काहीतरी ओरडलात एवढं कळलं, शब्द नाही कळले." म्हणजे तो आवाज एकाच माणसाजवळ होता. कोर्टात ओठ उघडून मिटले होते त्याच्याजवळ.

मी साहेबांकडे त्याला तुरुंगात भेटायची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, "बाई, कशाला जुनं उकरता? तब्येतीला जपा." तरी अर्जावर सही केली. नवऱ्यानं एक दिवस रजा टाकली. तुरुंगाच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसला आणि म्हणाला, "तू ये जाऊन. मी आहे इथं."

मुलाखतीच्या जागी मध्ये जाळी होती. तो आला. अंगानं भरला होता, मिशी फुटली होती. मला बघून दारातच थबकला. मग येऊन उभा राहिला. "मॅडम," म्हणाला.

मी जाळीला तोंड लावलं. "मी कशाला आले माहीत आहे का?"

त्यानं मान हलवली. कशाला आले ते त्याला ठाऊक होतं. शेजारी दुसऱ्या कैद्याचे नातेवाईक घरचं काहीबाही बोलत होते, त्यांच्यात मध्येच कुणीतरी हसलं.

"तुमी म्हन्लात," तो बोलायला लागला, "हळू रे, खडी आहे तिथं, घसरशील."

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"खरंच घसरत हुती गाडी. माझा पाय खडीत गेल्ता. तुमी वरडलात, मला वाटलं आता धरतेत. हात आपोआप वर आला. घोडा वढला, आन् मंग मला कळलं तुमी काय म्हन्लात ते. आवाज आधी आला, सबूद मागनं कळलं." तो जाळीच्या तारा धरून उभा होता. "कोर्टात सांगनार हुतो. वकील म्हन्ला हुता, तोंड उघडायचं न्हाई."

"मोठ्यानं म्हणाले होते?"

"लई मोठ्यानं."

"म्हणून दाखव."

त्याला आधी कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "जसं मी म्हटलं होतं तसं."

त्यानं पहारेकऱ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि म्हटलं. पहिल्यांदा जमलं नाही, आवाज दबला. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं. "हळू रेऽऽ, खडी आहे तिथं..." शेजारचे लोक वळून बघायला लागले. पहारेकरी पुढे आला, मी हात वर करून त्याला थांबवलं.

तो 'रे' लांबवला होता. वाऱ्याकडे तोंड करून मारलेल्या हाकेसारखा. विहिरीवरून बांधापर्यंत पोचायचा तसा. कोथिंबीर आणि दुधाच्या निरोपात हा आवाज मला सापडला नव्हता. इथे तो सापडला, दुसऱ्याच्या तोंडात, आणि ओळखायला क्षणभरही लागला नाही. त्यात आईसुद्धा होती. मला वाटलं होतं, मी शिवी दिली असेल, 'थांब, नाहीतर बघ' असं काहीतरी पोलिसी म्हणाले असेन. पण शेवटचं मोठ्यानं बोलले ते एका अनोळखी पोरानं पडू नये म्हणून.

तो म्हणाला, "रोज येतं ते कानात. जेवताना येतं." मग खाली बघून म्हणाला, "मला माफी मागाया तोंड न्हाई, मॅडम."

मी माफ करायला गेले नव्हते. माझी वस्तू त्याच्याकडे राहिली होती, ती मागायला गेले होते. पण त्यानं ती इतकी जपून ठेवली होती की माझा हात रिकामा झाला. रागाला धरायला काही उरलं नाही. मी म्हणाले, "माझ्या मनात आता तुझ्याबद्दल काही नाही. तूही सोड."

त्यानं कपाळ जाळीला टेकवलं. मी दोन बोटं त्या तारांमधून जितकी जातील तितकी घातली. त्याच्या कपाळापर्यंत पोचली की नाही, सांगता येणार नाही.

मी निघताना तो म्हणाला, "आईला सांगाल का? ती राहुरीकडं हाय कारखान्यावर. सांगा, मी बोललो म्हनून."

बाहेर आले तर नवरा झाडाखाली तसाच बसलेला. गाडीवर बसल्यावर मी त्याच्या पाठीला डोकं टेकवलं आणि घरी पोचेपर्यंत तसंच ठेवलं.

पुढच्या सुट्टीला मी एकटी एसटीनं राहुरीच्या पुढे गेले. कारखान्याच्या मागच्या मोकळ्या रानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या, ओळीनं. विचारत विचारत पोचले. ती कोपीच्या दारात बसून वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंड्या बांधत होती. मला बघून उठली. पेंडी हातातच राहिली. काहीतरी वाईट घेऊन आले असेन, असं तिला वाटलं असावं.

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज होता, जवळच एक ट्रॅक्टर चालू होता. मी तिच्या कानाशी गेले. "भेटून आले त्याला. बोलला माझ्याशी. पुष्कळ बोलला."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "बोलला?"

"हो. तुला सांग म्हणाला."

ती खाली बसली. पदर तोंडाला लावला नाही की काही नाही, पेंडी मांडीवर घेऊन नुसती बसली. मग विचारलं, "आवाज कसा हाय वो त्याचा आता? बारीक हुता. कोवळा हुता."

"मोठा झालाय," मी सांगितलं. "भारी झालाय."

तिनं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकली, ठेचा काढला. आम्ही दोघी उन्हाला पाठ करून जेवलो. ती अधूनमधून थांबायची आणि विचारायची, कसा उभा होता, आधी काय म्हणाला, मग काय म्हणाला. मी तिच्या कानाशी वाकून सांगायचे. तिनं एकदाही मोठ्यानं बोला म्हटलं नाही. सगळं सांगून झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. पुढच्या पंधरवड्यात मुकादमाकडून सुट्टी मिळाली की जाईन म्हणाली. गूळ नेऊ देतील का, असंही विचारलं. मला ठाऊक नव्हतं.

ऊन उतरायला लागल्यावर ती मला डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला आली. थांबा जरा लांब होता आणि नगरची गाडी आली ती भरधाव. मी हात केला, ड्रायव्हरनं पाहिलं नाही. तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध गेली आणि ओरडली, "ओ मास्तर, बाई ऱ्हायल्यात की वो!" काय आवाज होता तिचा. शेतातले लोक वळून बघायला लागले. गाडी पुढे जाऊन थांबली. मी पळत गेले आणि चढले.

खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला. "कुठं, बाई?"

"नगर," मी म्हणाले.

त्याला ऐकू आलं नाही. तो खाली वाकला, टोपी जरा मागे सारली आणि कान माझ्या तोंडाशी आणला.